नाव एक, माणसे अनेक

वर्धा जिल्ह्यात पुलगावला लागूनच नाचणगाव आहे. समजा, तेथील एका वर्गात गुरुजींनी हजेरी घेताना नुसते ‘प्रकाश’ म्हटले आणि दोन मुले एकदम ‘हजर’ म्हणाली. यात नवल ते काय? असा घोटाळा होऊ नये म्हणूनच तर आपण नावापुढे वडिलांचे नाव आणि आडनाव लावतो. पण तेवढ्याने काम भागते का?

याच जिल्ह्यातले उदाहरण पाहा. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म वर्ध्याचा. ते गदर पक्षातले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकून ते १९२४ साली मेक्सिकोत गेले. तेथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात त्यांनी मका व गहू यांवर संशोधन केले. आता कोकणातल्या पालगडला चला. तेथे १८९९ साली जन्मले पांडुरंग सदाशिव साने, म्हणजेच तुमचे आवडते साने गुरुजी! दोघांचे नाव तेच, वडिलांचे नावही तेच. नाते मात्र काहीच नाही.

दुसरी जोडी पाहा. ६१७४ या अंकाची गंमत शोधणारे देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, आणि ज्ञानपीठ पुरस्कार मिळवणारे धारवाडचे कन्नड कवी दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे. एक गणिती, तर दुसरे कवी!

या जोड्यांत निदान आडनावे तरी वेगळी आहेत. पण चंद्रकांत पाटील हे नाव घ्या. या नावाचे एक कवी व समीक्षक आहेत. दुसरे २०१९ साली पुण्याच्या कोथरूडमधून आमदार झाले. तिसरे गुजरातमधल्या नवसारीचे खासदार असून २०२४ साली केंद्रात जलशक्तिमंत्री झाले. पाटील हे आडनाव गावच्या पाटीलकीवरून आलेले. गावोगाव पाटील होते, म्हणून एकमेकांशी संबंध नसलेल्या कितीतरी घराण्यांचे आडनाव एकच झाले.

आता थोडे गणित करू. समजा, मुलांची नावे १००, वडिलांची नावे १०० आणि आडनावेही १००च आहेत, आणि ती सारख्याच प्रमाणात आढळतात. मग पूर्ण नावे किती होतील? १०० × १०० × १००, म्हणजे १० लाख! आता १,२०० विद्यार्थ्यांच्या शाळेत दोघांचे पूर्ण नाव जुळण्याचा संभव किती असेल? अगदीच थोडा, असे तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात तो निम्म्याहून किंचित अधिक आहे! कारण येथे माणसे मोजायची नसतात, जोड्या मोजायच्या असतात. १,२०० मुलांच्या जोड्या होतात ७,१९,४००. त्यांतली कोणतीही एक जुळली की झाले.

जिल्ह्याचे गणित तर याहून सोपे आहे. २०११ च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लाख होती. खुराड्यात १० कप्पे आणि कबुतरे १३ असली, तर निदान एका कप्प्यात एकाहून अधिक कबुतरे बसणारच. तसेच १० लाख नावे १३ लाख माणसांना पुरणार नाहीत. प्रत्यक्षात नावे याहून पुष्कळ आहेत हे खरे. पण पांडुरंग, रामचंद्र यांसारखी नावे फार आवडीची आणि काही फारच विरळ. त्यामुळे आवडीच्या नावांची गर्दी होते आणि योगायोग वाढतात.

हा केवळ गमतीचा विषय नाही. रुग्णालयात एकाच नावाचे दोन रोगी असले आणि एकाचे रक्त दुसऱ्याला दिले गेले, तर जिवावर बेतेल. म्हणून तेथे नावाबरोबर जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांकही पडताळतात. शास्त्रज्ञांचीही हीच अडचण. एकाने वर्षानुवर्षे खपून शोध लावावा आणि श्रेय त्याच्या नावाच्या दुसऱ्याला मिळावे, हा केवढा अन्याय! तो टाळण्यासाठी २०१२ सालापासून जगभरच्या संशोधकांना ‘ऑर्किड’ नावाचा १६ अंकी क्रमांक मिळू लागला. नाव जुळले तरी हा क्रमांक जुळत नाही.

तुम्हीही एक प्रयोग करा. गुरुजींच्या परवानगीने शाळेचे हजेरीपट पाहा. आधी नुसती नावे, मग वडिलांच्या नावासह, शेवटी आडनावासह किती जोड्या जुळतात ते मोजा. प्रत्येक पायरीला आकडा कसा घसरतो, ते वहीत मांडा. आणि एखादी जोडी शेवटपर्यंत टिकलीच, तर त्या दोघांना जरूर विचारा: तुमची पत्रे कधी अदलाबदल झाली का?