इंग्लंडांतील जुन्या लष्करी विमानतळांचे प्रांतिक इतिहास व त्यांचीं साधनें

इ. स. १९३९ ते १९४५ च्या महायुद्धांत ब्रिटनमध्यें चारशेंहून अधिक नवे लष्करी विमानतळ बांधले गेले. नॉर्फोक, सफोक, लिंकनशायर या पूर्वेकडील परगण्यांत तर दर चारदोन कोसांवर एक तळ अशी स्थिति होती. युद्ध संपल्यावर त्यांपैकीं बहुतेक ओस पडले, जमिनी पुन्हां नांगराखालीं गेल्या, आणि पुढें एकेका परगण्यापुरते या तळांचे इतिहास लिहिण्याचा उद्योग तेथें सुरू झाला. हा उद्योग बहुतांशीं हौशी संशोधकांचा आहे. आपल्याकडे किल्ल्यांचे व गढ्यांचे इतिहास लिहिणाऱ्यांस ज्या अडचणी येतात, त्यांतील पुष्कळ त्यांनाही आलेल्या आहेत. साधनांची पारख हा आपला नित्याचा विषय. त्याचें एक निराळ्या क्षेत्रांतील उदाहरण म्हणून या ग्रंथांचा विचार येथें केला आहे.

हे ग्रंथ १९७० नंतरच विपुल होऊं लागले, याला कारण आहे. १९५८ च्या कायद्याप्रमाणें सरकारी कागद पन्नास वर्षें बंद असत. १९६७ च्या दुरुस्तीनें ही मुदत तीस वर्षांवर आली, आणि महायुद्धाचें दप्तर १९७२ सालीं एकदम खुलें झालें. रॉजर फ्रीमन या एसेक्समधील शेतकऱ्यानें अमेरिकेच्या आठव्या वायुदलावर लिहिलेला ग्रंथ १९७० सालचा. त्या दलाच्या तळांचीं तेव्हांचीं व नंतरचीं दृश्यें शेजारीं शेजारीं मांडणारा त्याचा दुसरा ग्रंथ १९७८ सालचा. १९७९ पासून ‘अॅक्शन स्टेशन्स’ ही माला निघूं लागली. तिच्या पहिल्या भागांत मायकेल बोयर यानें पूर्व अँग्लियाचे तळ घेतले, आणि १९८७ पर्यंत मालेचे दहा भाग पुरे झाले. ही माला कोशवजा आहे. कोणता तळ कोठें व तेथें कोणतीं दलें होतीं हें पाहण्यास ती उत्तम. तिच्यावर निष्कर्ष उभारण्यापूर्वीं मात्र मूळ कागद पाहिले पाहिजेत.

मूळ कागद म्हणजे मुख्यतः ‘ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक’. ही प्रत्येक स्क्वाड्रननें व प्रत्येक तळानें ठेवावयाची रोजनिशी होय. फॉर्म ५४० वर दिवसवार हकीकत, आणि स्क्वाड्रनच्या बाबतींत फॉर्म ५४१ वर प्रत्येक उड्डाणाचा तपशील: विमानाचा क्रमांक, त्यांतील माणसांचीं नांवें, उडण्याची व उतरण्याची वेळ. लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत स्क्वाड्रनांच्या वह्या ‘एअर २७’ व तळांच्या वह्या ‘एअर २८’ या मालिकांत आहेत. अमेरिकन दलांचे कागद निराळे; ते अलाबामा संस्थानांतील मॅक्सवेल येथें ठेवलेले आहेत.

समकालीन, अधिकृत व दिवसवार असें हें साधन अव्वल दर्जाचें, यांत शंका नाहीं. परंतु तें लिहिलें कोणीं, हा प्रश्न प्रथम विचारावा लागतो. वही लिहिणारा बहुधा कचेरींतील अधिकारी असे, उडणारा वैमानिक नव्हे; आणि ती महिनाअखेर वरिष्ठांकडे पाठवावयाची असे. एखादा लेखक हौशी असला कीं हवापाणी, नाचाचे समारंभ, फुटबॉलचे सामने, सर्व कांहीं येतें. त्याची बदली झाली कीं पुढचा गृहस्थ दिवसाला एक ओळ लिहून मोकळा होतो. वाचणारास वाटतें कीं तळावरील हालचालच मंदावली. वस्तुतः मंदावलेली असते ती लेखणी. शिवाय जें वरिष्ठांना सांगण्यासारखें नाहीं तें वहींत सहसा येत नाहीं.

आंकड्यांचें तर विशेषच पाहावें लागतें. १५ सप्टेंबर १९४० रोजीं शत्रूचीं १८५ विमानें पाडल्याचें ब्रिटिशांनीं जाहीर केलें; युद्धानंतर जर्मन दप्तराशीं ताडून पाहतां संख्या साठाच्या आसपास निघाली. यांत कोणीं मुद्दाम खोटें लिहिलें असें नव्हे. एकाच विमानावर तिघांनीं गोळ्या झाडल्या व तिघांनींही तें आपल्या नांवावर धरलें, असें अनेकदां घडलें. समकालीन म्हणून सत्य, असें समीकरण मांडणारांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. बखरींपेक्षां अस्सल पत्रें श्रेष्ठ हा राजवाड्यांचा सिद्धान्त खराच आहे; पण अस्सल पत्राचीही उलटतपासणी चुकत नाहीं.

आणखी एक सापळा आहे. एका अपघाताची नोंद स्क्वाड्रनच्या वहींत, तळाच्या वहींत व अपघाताच्या कार्डावर (फॉर्म ११८०) अशी तीन ठिकाणीं मिळते आणि तिन्ही जुळतात. अशा वेळीं तीन साक्षी मिळाल्या असें समजूं नये. पुष्कळदां तिन्ही नोंदी एकाच अहवालावरून उतरलेल्या असतात. एकाच बखरीच्या तीन नकला म्हणजे तीन बखरी नव्हेत, हें पोथ्यांच्या संग्राहकांस सांगावयास नको.

कालनिर्णयही वाटतो तितका सोपा नाहीं. युद्धकाळीं ब्रिटनमधील घड्याळें हिवाळ्यांत ग्रीनिच वेळेच्या एक तास पुढें, व १९४१ पासून उन्हाळ्यांत दोन तास पुढें असत. नोंद कोणत्या घड्याळाची हें लेखक नेहमींच सांगतो असें नाहीं. रात्रीं दहाला उडालेलें विमान पहांटे कोसळलें तर अपघात कोणत्या तारखेचा धरावा? म्हणून जाणते ग्रंथकार ‘३/४ तारखेची रात्र’ अशी जोड तारीख देतात. सूर्योदयापासून वार मोजणाऱ्या आपल्या जुन्या पत्रांचा इंग्रजी तारखांशीं मेळ घालतांना हाच एका दिवसाचा घोटाळा होतो. येथें त्याचा परिणाम असा कीं, मृत वैमानिकाचें नांव भलत्याच अपघाताला चिकटतें; आणि गांवकऱ्यांनीं तें एकदां स्मारकशिलेवर कोरविलें कीं दुरुस्ती दुष्कर होते.

नांवांचा गोंधळ थोडक्यांत सांगतों. सफोकमधील पारहम गांवालगतचा तळ कागदांत फ्रॅमलिंगहॅम म्हणून आहे, अमेरिकनांच्या हिशेबीं तो ‘स्टेशन १५३’, आणि गांवकरी त्यास पारहमच म्हणतात. एकच नांव धरून शोधणारास अर्धेंच दप्तर हातीं लागतें.

कागदांनंतर इमारती. हवाईखात्याच्या प्रत्येक ठराविक इमारतीच्या नकाशास क्रमांक असे व त्याचे शेवटचे दोन अंक सालाचे. नियंत्रण-मनोऱ्यांचे १२७७९/४१ आणि ३४३/४३ हे नमुने प्रसिद्ध आहेत. एक १९४१ चा व दुसरा १९४३ चा. यावरून मनोरा त्याच सालीं बांधला असें कित्येक लेखक लिहून जातात. कागदावरील जलचिन्हाचें साल जसें लेखनाचें साल नव्हे, फक्त त्यापूर्वीं लेखन झालें नाहीं एवढेंच तें सांगतें, तसेंच हें आहे. १९४१ चा मनोरा १९४३ मध्यें बांधलेला असूं शकतो.

या ग्रंथांची सर्वांत मोठी उणीव मला दिसते ती जमिनीविषयीं. १९४२ च्या सुमारास रूढ झालेल्या नमुन्याप्रमाणें एका तळास २००० यार्डांची एक व १४०० यार्डांच्या दोन धांवपट्ट्या लागत. विमानें उभीं करण्याच्या जागा, बराकी व दारूगोळ्याचीं कोठारें धरून पांचशें एकरांच्या घरांत जमीन जाई. ही जमीन युद्धकालीन अधिकारांन्वयें शेतकऱ्यांकडून घेतलेली. बांध, कुंपणें, झाडें, पांदी सर्व सपाट झालें. तरी बहुतेक पुस्तकें पहिलें विमान उतरल्यापासून सुरू होतात! १९४१ ते १९४३ मध्यें इंग्लंड-वेल्समधील शेतांची जी सरकारी पाहणी झाली, तिचे तक्ते व नकाशे क्यू येथेंच आहेत. त्यांत शेताचें क्षेत्र, कुळाचें नांव, पिकें व जनावरें मिळतात. ज्यास विमानतळाचा नव्हे, प्रांताचा इतिहास लिहावयाचा आहे, त्यानें येथूनच आरंभ करावा असें माझें मत आहे. त्यास जोड म्हणून युद्धाच्या अखेरीस व १९४६-४७ मध्यें वायुदलानें घेतलेलीं आकाशचित्रें पाहावीं. कारण युद्धोत्तर छापील नकाशांतून कित्येक तळ गुप्ततेसाठीं गाळलेले आहेत आणि तेवढी जागा पांढरी सोडलेली दिसते.

प्रत्यक्ष जागा झपाट्यानें नाहींशी होत आहे. धांवपट्ट्यांचें काँक्रीट फोडून रस्त्यांच्या भरावास नेलें गेलें. नॉर्फोकमधील अॅटलब्रिजच्या धांवपट्ट्यांवर टर्की कोंबड्यांच्या लांबच लांब शेडी उभ्या राहिल्या. थॉर्प अॅबट्स व पारहम येथील मनोरे स्थानिक लोकांनीं दुरुस्त करून तेथें संग्रहालयें केलीं, परंतु असें भाग्य थोड्यांचेंच. तळावर काम केलेले लोक आतां जवळजवळ उरले नाहींत. त्या वेळचीं मुलें आज नव्वदीच्या आसपास आहेत. कांहीं बराकींच्या विटांच्या भिंतींवर सैनिकांनीं काढलेलीं चित्रें व लिहिलेल्या याद्या अद्याप शिल्लक आहेत. छप्पर गेलें कीं थंडी-पावसानें गिलावा थोड्याच वर्षांत गळतो. त्यांचीं छायाचित्रें व मापें दप्तरखान्यांतील कामाच्या आधीं घेतलीं पाहिजेत.