लावणीची रजा आणि हंसांची सुट्टी

मागच्या भागात आपण गटाच्या कर्जाचं व्याज कसं मोजायचं ते पाहिलं. आज पैशाचाच विषय आहे, पण जरा वेगळा. काम न करता मिळणाऱ्या पैशाचा. हसू नका, खरंच. भरपगारी रजेचा.

विषय निघाला तो आमच्या मे महिन्यातल्या बैठकीत. आमच्या गटातल्या सात जणी काजूच्या कारखान्यात जातात. कोणी फोडायला, कोणी सोलायला, दोघी ग्रेडिंगला. जून उजाडला की या सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. पाऊस पडला की लावणी आली आणि लावणी काही रविवार बघून येत नाही. तरवा तयार झाला की आठ-दहा दिवस शेतात वाकावंच लागतं. त्यात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात, त्या रात्री घरातले पुरुष आणि पोरं बॅटरी, पागेरं घेऊन व्हाळावर. सकाळी टोपलीभर मासे अंगणात आणि ते साफ करायला कोण? तर आपणच. मग कामावर खाडा. खाडा झाला की पैसे कापले.

गेल्या वर्षी आमच्यातल्या एका काकींचे लावणीत नऊ दिवस खाडे झाले. परत गेल्या तर मुकादम म्हणाला, तुमच्या जागी दुसरी घेतली. सहा वर्षं काम केलेली बाई. तिने काही भांडण केलं नाही, डबा उचलला आणि घरी आली. आम्हाला कळलं ते पंधरा दिवसांनी. त्या बैठकीत त्यांनी एकच विचारलं, "सरकारी नोकरीवाल्यांक रजा असता, आमका काय नसताच?"

असते. ते आधी नीट समजून घेऊ.

१९४८ च्या कारखाना कायद्यात भरपगारी रजा लिहिलेली होती. ज्या बाईने एका कॅलेंडर वर्षात २४० दिवस काम केलं, तिला पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. म्हणजे २४० दिवस भरले तर १२ दिवस. लावणी आटोपून वर दोन दिवस उरतात बघा. २०२० साली संसदेने केलेल्या नव्या कामगार संहितेत ही २४० ची अट १८० दिवसांवर आणली आहे. त्यामुळे ज्यांचे दिवस थोडक्यात कमी पडायचे त्यांनी आता पुन्हा मोजायला हवेत. हे मोजताना बाळंतपणाची रजा कामाचेच दिवस म्हणून धरतात. मालकाने काम नाही म्हणून घरी बसवलं, म्हणजे ले-ऑफ दिला, तर तेही दिवस धरतात. रविवार आणि सणाच्या सुट्ट्या रजेत मोजायच्या नसतात.

आता आपल्या बायकांचा नेहमीचा प्रश्न. आम्ही किलोवर काम करतो, आम्हाला कसला पगार नि कसली रजा? अहो, किलोवरच्या कामालाही रजा लागू आहे. रजेच्या आधीच्या महिन्यात जेवढे दिवस प्रत्यक्ष काम केलं, त्या दिवसांच्या कमाईची सरासरी काढायची. तो तुमचा रजेचा एका दिवसाचा पगार. मे महिन्यात २५ दिवस काम करून ६,२५० रुपये कमावले असतील, तर जूनमधल्या रजेच्या प्रत्येक दिवसाचे २५० रुपये. गणित एवढंच.

कारखाना कायद्यात अट एक होती. रजेचा अर्ज १५ दिवस आधी द्यायचा. आजारी पडलात तर ही अट नव्हती. वर्षात तीन वेळा मिळून रजा घेता यायची. राहिलेली रजा पुढच्या वर्षी जाते, ३० दिवसांपर्यंत. अर्ज करूनही मालकाने नाकारली तर मात्र ती कितीही साठते, म्हणून नकार लेखी मागावा. नोकरी सुटली तर शिल्लक रजेचे पैसे मिळाले पाहिजेत. आमच्या त्या काकींना हे माहीत नव्हतं. आम्हालाही नव्हतं, हे कबूल करायला पाहिजे. सहा वर्षं आम्ही त्यांच्याकडून दर महिन्याला शंभर रुपये बचत घेतली, पण त्यांचं हजेरी कार्ड एकदाही बघितलं नाही.

अडचण ही की हा कायदा सगळ्या कारखान्यांना लागू नाही. कामगारांची ठरावीक संख्या लागते. घराच्या पडवीत आठ बायका बसवून सोलणी चालते तिथे तो पोचत नाही. घरी गोधडी शिवणारी, शेतमजुरीला जाणारी, यांना तर कोणी मालकच दाखवता येत नाही. त्यांच्याबद्दल शेवटी बोलू.

आधी तुम्हाला लांबची एक गोष्ट सांगतो. कॅनडात क्युबेक नावाचा प्रांत आहे. त्याच्या पश्चिमेला जेम्स बे नावाची मोठी खाडी आणि तिच्या आसपास क्री नावाच्या आदिवासींची गावं आहेत. चिसासिबी, वेमिंजी अशी नावं. हिवाळा एवढा कडक की तिथे भात-नाचणी असं काही पिकत नाही. पिढ्यान्‌ पिढ्या हे लोक शिकार, मासेमारी आणि सापळे लावून जगत आले. वसंतात, एप्रिलच्या शेवटी ते मेमध्ये, दक्षिणेकडून रानहंसांचे थवे उत्तरेला येतात. आपल्याकडे चढणीच्या माशांची जशी वाट बघतात तशी तिथे हंसांची.

आता यातल्या पुष्कळ जणांना नोकऱ्या आहेत. शाळेत, दवाखान्यात, गावाच्या कचेरीत. मग हंस आले की काय करायचं? त्यांनी सुट्टीच तशी ठरवून घेतली. तिला ते गूज ब्रेक म्हणतात, आपण हंसांची सुट्टी म्हणू. साधारण दोन आठवडे शाळा बंद. कचेऱ्या बंद किंवा जेमतेम उघड्या. घरंच्या घरं, आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत, रानातल्या आपापल्या तळावर जातात. शरद ऋतूत पुन्हा एक सुट्टी, मूस नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीची. प्रत्येक गावाच्या तारखा एकच नसतात, कारण दक्षिणेकडच्या गावात हंस आधी पोचतात आणि उत्तरेकडच्या गावात नंतर. आम्हाला हे फार आवडलं. आपल्याकडे शाळेची सुट्टी साहेबाच्या कॅलेंडरवर ठरते आणि लावणीच्या आठवड्यात पोरं गैरहजर म्हणून बाई रागावतात.

तिथेही वाटेल तशी शिकार नसते. प्रत्येक रानाचा एक जाणता माणूस असतो. हंसांच्या वेळी तो सांगेल तेव्हा आणि तो सांगेल तिथेच जायचं. वारा पडलेला असेल त्या दिवशी बंदूक चालवायची नाही, कारण आवाज लांब जातो आणि सगळा थवा उठतो. सूर्य बुडाल्यावर बार काढायचा नाही. आज या पाणथळीवर गेलात तर उद्या तिला विश्रांती. बायका हंस सोलतात, पिसं काढतात आणि तंबूत विस्तवावर दोरीला टांगून सावकाश फिरवत भाजतात. सुट्टी कोणाची आणि काम कोणाचं हा प्रश्न तिथल्याही बायकांना पडत असेल, असं आमच्या गटातल्या एका वहिनीने लगेच म्हटलं. बरोबरच आहे तिचं.

पण पुढचं ऐका. १९७१ साली सरकारने त्यांच्या नद्यांवर प्रचंड मोठी वीजधरणं बांधायचं जाहीर केलं. त्यांना विचारलंसुद्धा नाही. क्री लोक आणि उत्तरेकडचे इनुइट मिळून कोर्टात गेले. नोव्हेंबर १९७३ मध्ये न्यायाधीश अल्बर्ट मालूफ यांनी काम थांबवायचा हुकूम दिला, पण आठवड्याभरात वरच्या कोर्टाने तो स्थगित केला. धरणाचं काम चालू राहिलं. शेवटी ११ नोव्हेंबर १९७५ ला करार झाला.

करारात भरपाईचे पैसे होतेच. पण क्री लोकांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली. ज्या कुटुंबाला नोकरीपेक्षा रानावर जगायचं आहे, त्याला रानात घालवलेल्या दिवसांचा दररोजचा भत्ता. वर्षातले किमान १२० दिवस शिकार आणि तिच्याशी जोडलेल्या कामांत काढायचे. जास्तीत जास्त २४० दिवसांचे पैसे मिळतात. आणि हा भत्ता नवरा आणि बायको दोघांच्याही दिवसांचा मोजतात. कातडी कमावणं, साधनं तयार करणं अशी कामंही त्या कामातच धरतात. म्हणजे बाईचं काम कागदावर आलं. ते घरकाम म्हणून बाजूला पडलं नाही.

ही योजना आजही चालू आहे. आपल्याकडे धरणग्रस्तांना एकदा चेक मिळतो, त्यात घराचं छप्पर होतं, पोराची मोटरसायकल होते आणि संपतं. जमीन होती तेव्हा ती दर वर्षी देत होती. क्री लोकांनी भरपाईतला काही भाग तरी दर वर्षी येईल असा करून घेतला. सगळं गोड झालं असं मात्र नाही. धरणांत रान बुडालं, त्या पाण्यातल्या माशांत पारा वाढला आणि ते मासे जपून खा असं सांगायची वेळ आली. शिकारीची सुट्टी आहे, पण शिकारीचं काही रान पाण्याखाली आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल रेडिओवर शिकार करायला सांगितली. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानटी जनावरांची शिकार बंद आहे. शिमग्याला रान उठवायची चाल जुनी असली तरी आता तो गुन्हा आहे. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला तर जेल ठरलेली, आणि कोर्टाच्या फेऱ्या मारायला पुन्हा बाईच खाडे करते. डुक्कर पिकात घुसलं तर वनखात्याकडे नुकसानीचा अर्ज करा, तोही लगेच. चढणीच्या माशांना हा कायदा लागत नाही, पण ते अंडी घालायला वर चढतात हे आपल्याला आपल्या आजीनेच सांगितलंय. सगळा व्हाळ उपसला तर पुढच्या वर्षी टोपली रिकामी. क्री लोकांच्या जाणत्या माणसाची आठवण इथे येते. आपल्या वाडीतही पूर्वी असा कोणीतरी असायचा, एक रात्र पकडा, दुसरी रात्र सोडा म्हणणारा.

तर आम्ही काय केलं ते सांगतो. कारखान्यात जाणाऱ्या सात जणींची हजेरी कार्डं बैठकीत मागवली. पाच जणींचे दिवस भरले होते. त्यांचे रजेचे अर्ज आम्ही बसून लिहिले आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात दिले. पाऊस पंधरा दिवस आधी कळवत नाही, पण तरवा पेरल्याची तारीख आपल्याला माहीत असते, तिच्यावरून लावणीचा अंदाज निघतो. सगळ्या एकदम गेल्या तर कारखाना बंद पडेल हा मालकाचा मुद्दा खोटा नव्हता. म्हणून पाळी लावली. ज्यांची शेतं वरच्या अंगाला, त्यांची लावणी उशिरा, त्या दुसऱ्या पाळीत. पहिल्या पाळीतल्यांनी दुसऱ्या पाळीतल्यांच्या शेतावर एक-एक दिवस जायचं, तसंच उलटही. चौघींची रजा मंजूर झाली, पगारासकट. पाचवीची नाकारली, ती आम्ही लेखी घेतली.

राहिल्या गटाच्या मसाला उद्योगातल्या बायका. तिथे मालक आपणच, मग रजा कोण देणार? वीस दिवसांमागे एक दिवस म्हणजे शंभरातले पाच. एका बाईच्या दिवसाच्या २०० रुपयांमागे दहा रुपये गटाच्या नफ्यातून बाजूला ठेवायचे. वीस दिवसांनी २०० होतात, तिची एक दिवसाची रजा तयार. एप्रिलपासून आम्ही वेगळी वही घातली. पहिल्या महिन्यात दोघींनी कुरकुर केली, नफा कमी दिसतो म्हणून. जूनमध्ये त्यातल्या एकीची सासू आजारी पडली आणि तिने तीन दिवसांचे पैसे याच वहीतून उचलले. आता ती गप्प आहे.

काकींच्या शिल्लक रजेच्या पैशांचा अर्ज कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत दिला आहे. त्यांची जुनी कार्डं उंदरांनी कुरतडली, पण तीन वर्षांची शाबूत आहेत. पुढच्या महिन्यात तारीख आहे. तुमच्यापैकी कोणाकडे हजेरी कार्ड असेल तर ते पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.