धेंपो की साळगावकर?

एकाच शहरातल्या किंवा शेजारशेजारच्या दोन क्लबांच्या सामन्याला फुटबॉलवाले 'डर्बी' म्हणतात. कोलकात्याची मोहन बागान–ईस्ट बंगाल डर्बी सगळ्यांना ऐकून माहीत असते. आमच्या घरात मात्र डर्बी म्हणजे धेंपो विरुद्ध साळगावकर. आम्ही कडोलीचे, पण माझं आजोळ मडगावचं. पप्पा धेंपोचे, मामा साळगावकरचे, आणि मी जन्मापासून पप्पांच्या पार्टीत. कॉलेजात फुटबॉलचा विषय निघाला की सगळे थेट बार्सिलोनाला पोचतात. चोर्ला घाट उतरल्यावर काय काय घडून गेलंय, ते कुणी विचारतच नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

दोन्ही क्लब गोव्यातल्या खाणमालक घराण्यांचे. साळगावकर 1956 सालचा, मूळ वास्कोचा, रंग हिरवा. धेंपो पांढरा-निळा. राष्ट्रीय पातळीवर दोघांचंही घरचं मैदान एकच, मडगावचं फातोर्डा स्टेडियम. त्यामुळे घरचा संघ कोण आणि पाहुणा कोण, हे नुसतं कागदावर. 1998-99 ला नॅशनल लीग जिंकणारा साळगावकर हा गोव्याचा पहिला क्लब. पुढे धेंपोने हा किताब पाच वेळा मिळवला. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात हंगाम देशाचा चषक गोव्याबाहेर गेला नाही. चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. एवढ्याशा गोव्याने सात वर्षं कोलकात्याला ताटकळत ठेवलं!

त्यातला साळगावकरचा 2010-11 चा हंगाम आमच्याकडे अजून मिटलेला नाही. त्याच हंगामात, 30 मे 2011 रोजी, धेंपोने एअर इंडियाला 14-0 असं हरवलं. एकट्या रँटी मार्टिन्सचे सहा गोल. पप्पा हा आकडा वारंवार काढतात. मामांचं उत्तर ठरलेलं: "चौदा गोल मारले, बरं, पण कप कुणाच्या कपाटात गेला?" खरं सांगायचं तर मलाही ती मॅच फारशी आवडत नाही. इतक्या एकतर्फी सामन्यात बघणाऱ्याचा जीव टांगणीला लागतच नाही.

माझ्या मनातली धेंपोची सगळ्यांत मोठी मॅच मी पाहिलेलीच नाही. 5 डिसेंबर 2004, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल, समोर मोहन बागान. मी तेव्हा काही महिन्यांची होते. धेंपोने 2-0 अशी जिंकली, दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल करताना त्याची गोलकीपरशी धडक झाली, तो कोसळला आणि गेला. धेंपोने 10 नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. त्याच हंगामात त्यांनी पहिल्यांदा नॅशनल लीग जिंकली. हे सांगताना पप्पांचा आवाज बदलतो, आणि त्या वेळी मामाही कपाटाची गोष्ट काढत नाहीत.

मग 2014 ला इंडियन सुपर लीग आली. एफसी गोवा या नव्या संघाच्या मालकांत श्रीनिवास धेंपो होते आणि साळगावकर घराण्यातले दत्तराज साळगावकरही. म्हणजे जन्माचे प्रतिस्पर्धी एका सोफ्यावर! आमच्या घरातही तेच झालं. 20 डिसेंबर 2015 ची फातोर्डाची फायनल पप्पा आणि मामांनी पहिल्यांदा एकाच संघाचे होऊन टीव्हीवर पाहिली. 87 व्या मिनिटाला गोवा 2-1 ने पुढे. 90 व्या मिनिटाला गोलकीपर कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला (आडनाव आपल्या बेळगावकडचं वाटतं, म्हणून आम्हाला जास्तच लागलं), आणि भरपाई वेळेत मेंडोझाने चेन्नईयनला 3-2 असं जिंकून दिलं. त्या रात्री कुणी कुणाला चिडवलं नाही. चिडवायला समोर कुणी उरलंच नव्हतं. हरल्याचं दुःख एवढं मुकं असतं, हे मला तेव्हा कळलं.

2016 ला आय-लीग दुय्यम दर्जाची करायचा प्रस्ताव आला, आणि धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब तिघेही तिथून बाहेर पडले. धेंपो तर त्याच वर्षी द्वितीय विभाग जिंकून वर आला होता! असं इतरत्रही घडलंय. ऑस्ट्रेलियात लंबगोल चेंडूने खेळतात त्या फुटबॉलमध्ये मेलबर्नचा फिट्झरॉय हा 1883 चा क्लब. 1996 च्या हंगामानंतर तो दूरच्या ब्रिस्बेनच्या संघात विलीन झाला. नव्या ब्रिस्बेन लायन्सने 2001 पासून सलग तीन विजेतेपदं मिळवली. पण फिट्झरॉयच्या म्हाताऱ्या पाठीराख्याने त्याच्या गल्लीतल्या शेजाऱ्याला चिडवायचं कुठल्या तोंडाने?

धेंपो 2024-25 ला आय-लीगमध्ये परतला, साळगावकर नाही. आता दोघांची गाठ पडते ती गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये. नाताळात आजोळी जायचं ठरलं की मी आधी तिचं वेळापत्रक बघते, मग बसचं.