लिंबूच्या झाडावरची अळी मारायची की ठेवायची? अंगणात पाखरं हवी असतील तर हे वाचा

अमरावती असो की अकोला, नव्या वसाहतींमध्ये घरासमोरचं चित्र साधारण सारखंच असतं. लॉनचा छोटा तुकडा, कुंडीत अरेका पाम, कंपाउंडवर बोगनवेल आणि उरलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक. सगळं हिरवंगार दिसतं, पण तिथे पाखरं फारशी फिरकत नाहीत. मग लोक दाण्यांचं भांडं टांगतात, लाकडी घरटी लावतात. तरीही पाखरं टिकत नाहीत. असं का होतं आणि घरच्या बागेत काय बदललं तर ती राहायला येतील, तेच समजून घेऊ.

दाणे ठेवूनही पाखरं का टिकत नाहीत?

कोणत्याही जीवाला राहायला चार गोष्टी लागतात: अन्न, पाणी, लपायला जागा आणि पिल्लं वाढवायची सोय. आपण पहिल्या दोन गोष्टी देतो. अडतं ते शेवटच्या गोष्टीपाशी.

चिमणी दाणे खाते हे खरं, पण तिच्या कोवळ्या पिल्लांना दाणे चालत नाहीत. त्यांना मऊ अळ्या आणि किडे भरवावे लागतात. फुलातला मध पिणारा शिंजीरही पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. म्हणजे ज्या बागेत अळ्या नाहीत, तिथे पाखरू येईल आणि दाणे खाऊन निघून जाईल.

अमेरिकेतले कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी याचा हिशोब मांडला आहे. तिथल्या चिकडी या इवल्याशा पक्ष्याच्या जोडीला एका वेळची पिल्लं वाढवायला ६ ते ९ हजार अळ्या लागतात. टॅलमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या घरगुती बागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या बागांमध्ये परदेशी झाडांचं प्रमाण ३० टक्क्यांहून जास्त होतं, तिथे या पक्ष्यांना आपली संख्या टिकेल एवढी पिल्लं वाढवता येत नव्हती. आकडे तिकडचे आहेत, पण तत्त्व इकडेही तेच आहे.

मग देशीच झाडं का?

झाडं स्वतःचा बचाव करण्यासाठी पानांमध्ये रसायनं तयार करतात. ती पचवायला कीटकांच्या शेकडो पिढ्या जातात. म्हणून बहुतेक अळ्या ठरावीक झाडांचीच पानं खातात.

रुईचंच पाहा. तिचा चीक विषारी, पण प्लेन टायगर फुलपाखराची अळी तीच पानं खाऊन वाढते. ते विष अंगात भिनल्यामुळे पक्षी तिच्या वाटेला सहसा जात नाहीत. बहाव्याच्या पानांवर पिवळसर रंगाची कॉमन इमिग्रंट फुलपाखरं वाढतात. कढीपत्ता, बेल आणि लिंबू यांच्यावर लाइम बटरफ्लाय अंडी घालतं.

याउलट बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली आणि अरेका पाम मादागास्करचा. त्यांची पानं खाणाऱ्या इथल्या अळ्या मोजक्याच. विदर्भात जिला रायमुनिया म्हणतात, त्या टणटणीवर फुलपाखरांची गर्दी दिसते खरी. पण ती मध प्यायला आलेली असतात, अंडी घालायला त्यांना दुसरं झाड शोधावं लागतं.

लिंबूवरची अळी शत्रू आहे का?

वरूड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात हा प्रश्न विचारला, तर उत्तर 'हो' असंच येईल. लाइम बटरफ्लायच्या अळ्या नर्सरीतली रोपं आणि नवती फस्त करतात, त्यामुळे शेतकऱ्याला बंदोबस्त करावाच लागतो.

पण त्याच संत्रा-लिंबूच्या कुळातल्या झाडांवर ब्लू मॉरमॉनच्या अळ्याही वाढतात. हे फुलपाखरू महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलं. असं करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं.

अंगणातल्या एका वाढलेल्या झाडाचं गणित बागायतीपेक्षा वेगळं असतं. चार फांद्यांची पानं गेली तरी ती पुन्हा फुटतात. शिवाय बहुतेक अळ्या फुलपाखरू होण्याआधीच पक्ष्यांच्या आणि गांधीलमाश्यांच्या तोंडी जातात. त्यांच्यावरच पिल्लं वाढतात. म्हणून घरच्या झाडावर फवारणी नको. निंबोळी अर्क सेंद्रिय असला तरी अळ्यांसाठी मारकच आहे. रोप फारच लहान असेल, तर अळी उचलून मोठ्या लिंबूवर ठेवता येते.

महाराष्ट्रात असं कुणी केलंय का?

ठाण्यात घोडबंदर रस्त्याजवळची ओवळेकर वाडी हे त्याचं माहितीतलं उदाहरण. राजेंद्र ओवळेकर यांनी घरच्या सुमारे दोन एकर जागेत अळ्यांची खाद्यझाडं आणि मधाची फुलझाडं लावली. तिथे शंभराहून अधिक जातींची फुलपाखरं नोंदवली गेली आहेत. कोकणपट्टीतला पाऊस वऱ्हाडात नाही, त्यामुळे यादी तशीच उचलता येणार नाही. पद्धत मात्र तीच.

वऱ्हाडात काय लावायचं?

इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पारा ४५ अंशांवर जातो. इथल्या रानातली झाडं याला सरावलेली आहेत.

- फक्त कुंड्या असतील तर: कढीपत्ता, तुळस, कोरांटी, अडुळसा.
- छोटं अंगण: लिंबू, बेल, पारिजातक, निरगुडी. कुंपणाला करवंद.
- मोठी सांदवाडी: कडुनिंब, त्यावर गुळवेल, बहावा, बोर, पळस.
- पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा: करंज, कडुनिंब, बोर, रुई. बोअरचं पाणी खारं असेल तर छतावरचं पावसाचं पाणी साठवून रोपांना द्यावं.

वड, पिंपळ, उंबर पक्ष्यांना प्रिय आहेत, पण घराच्या भिंतीजवळ लावू नयेत. रुईचा चीक डोळ्यांत जाणार नाही, याची लहान मुलं असलेल्या घरांनी काळजी घ्यावी.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. मेळघाटातून उपटून आणू नयेत, संरक्षित जंगलातून रोपं नेणं हा गुन्हा आहे.

साप आणि डासांचं काय?

ही भीती खोटी नाही. साप येतो तो उंदरांच्या मागे आणि अडगळीच्या आडोशाला. त्यामुळे पालापाचोळा दारापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवावा, विटा-लाकडांचे ढीग करू नयेत आणि धान्य उघड्यावर सांडू देऊ नये.

डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. पक्ष्यांचं पाण्याचं भांडं दर दोन दिवसांनी घासून भरलं, की तो वाढत नाही.

सुरुवात कधी आणि कशी?

जून-जुलैमध्ये, पहिला दमदार पाऊस झाल्यावर. पूर्ण बाग उकरायची गरज नाही. यंदा लॉनचा एक कोपरा काढून दोन-तीन देशी रोपं लावावीत. पडलेली पानं जाळण्याऐवजी आळ्यात पसरावीत, उन्हाळ्यात पाणी कमी लागतं. थोडी माती उघडीही ठेवावी, कारण एकट्या राहणाऱ्या अनेक मधमाश्या जमिनीतच घर करतात.

कढीपत्त्याची पानं पहिल्याच पावसाळ्यात कुरतडलेली दिसू शकतात. पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखा ठिपका दिसला, तर तो पुसण्याआधी नीट पाहावा. लाइम बटरफ्लायची लहान अळी तशीच दिसते.