उसासाठी बेणेमळा हवाच



ज्वारीचे बी आपण कसे धरतो? चांगली टपोरी कणसे वेगळी काढतो, वाळवतो, जपून ठेवतो. उसाच्या बाबतीत मात्र हे शहाणपण आपण विसरतो. लावणीचा दिवस आला की शेजाऱ्याच्या खोडव्यातून मोळ्या बांधून आणतो. “ऊस तो ऊस, त्यात निवडायचे काय?” असे म्हणतो. इथेच चुकते.

ऊस आपण लावतो तो उसाच्याच कांडीपासून. म्हणून त्या कांडीत रोग असला, तर तो नव्या पिकात उतरतो. कांडी वरून चांगली दिसते, उगवतेही. पण काणी असेल तर पुढे शेंड्यातून काळा चाबूक निघतो आणि त्याची काजळी वाऱ्याने शिवारभर पसरते. गवताळ वाढ असेल तर बेट गवतासारखे बारीक फुटते, पाने पांढरट पडतात, गाळायला ऊस मिळतच नाही. तोवर खत, पाणी, मजुरी सारे खर्ची पडलेले असते.

यावर उपाय बेणेमळ्याचा. गवताळ वाढीचा रोग कांडीच्या आत असतो. तो नुसत्या औषधाच्या पाण्याने जात नाही, त्याला उष्णता लागते. त्यासाठी बेणे ५४ अंश सेल्सिअसच्या दमट गरम हवेत अडीच तास ठेवतात. उष्णता कमी पडली तर रोग वाचतो, जास्त झाली तर डोळा मरतो. तेव्हा हे घरच्या चुलीवरचे काम नव्हे, बरे का! त्या बेण्यापासून मूलभूत, मग पायाभूत आणि शेवटी प्रमाणित बेणे तयार होते. १९३२ साली सुरू झालेले पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र, मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट किंवा आपला साखर कारखाना यांच्याकडे चौकशी करावी.

असे बेणे आणून आपल्या रानात थोडा बेणेमळा करा. १ गुंठ्यातले बेणे साधारणपणे १० गुंठ्यांना पुरते. महिन्यातून एकदा तरी त्यात फिरा. चाबूक दिसला तर त्यावर पोते घाला, बेट मुळासकट काढून जाळा. बेणे ९ ते ११ महिन्यांचेच तोडा. जुन्या उसाचे डोळे निबर होतात. मोळी पाचटासकट आणा, म्हणजे डोळे दुखावत नाहीत. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम मिसळून टिपऱ्या १० मिनिटे बुडवा, हातमोजे घाला आणि लगेच लावा. खोडव्याचे बेणे कधीही घेऊ नका आणि दर ३-४ वर्षांनी बेणे बदला.

गुरुजी, शाळेच्या बागेत कोवळ्या आणि निबर उसाच्या दहा-दहा टिपऱ्या मुलांकडून लावून घ्या. महिन्याने कोंब मोजायला सांगा. मुले घरी जाऊन सांगतील, ते वडीलमंडळी नक्की ऐकतील.

बेण्यात वाचवलेला पैसा, मंडळी, वजनाच्या काट्यावर दुपटीने जातो.