वही घरची, पोचवणी भाड्याची

रत्नागिरीच्या हापूस व्यापाऱ्याची खरी पुंजी म्हणजे ग्राहकांची यादी. हंगामापूर्वी भाव व आवक कळविणारी ई-मेल पत्रिका बहुधा भाड्याच्या सेवेमार्फत जाते. तेथे नावे वाढली की शुल्कही वाढते. त्यास पर्याय मुक्त-स्रोत प्रणालींचा आहे. बंगळुरूच्या झिरोधा या दलाली पेढीत घडलेली ‘लिस्टमंक’ 2019 पासून सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. यादी आपल्याच सर्व्हरवर राहते. पोचवणीसाठी मात्र मेल-सर्व्हर जोडावा लागतो.

तोही स्वतःचा उभारावा काय? ‘मेल-इन-अ-बॉक्स’ने ते साधते; परंतु नव्या सर्व्हरला पत नसते, त्यामुळे पत्रे स्पॅममध्ये पडतात. 2024 पासून जीमेल दिवसाला 5,000 हून अधिक पत्रे धाडणाऱ्यांकडे एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क ही ओळखीची प्रमाणे आणि एका क्लिकवर नाव वगळण्याची सोय मागते. म्हणून लहान पेढीने यादी घरी ठेवावी, नित्य बॅकअप घ्यावा व पोचवणी अनुभवी सेवेकडे सोपवावी.

पत्ता मात्र संमतीनेच नोंदवावा. 2023 चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा हेच सांगतो; आणि न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे श्रावकास वेगळे सांगावयास नको.