नरक्याचे औषध, नाव मात्र चिनी झाडाचे

नरक्या हे सह्याद्रीच्या दाट रानातले, भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतही आढळणारे छोटेखानी झाड. फांदी तोडली किंवा पान चुरगळले की उग्र दर्प सुटतो आणि नावाचा उलगडा तिथल्या तिथे होतो. पिवळट पांढऱ्या फुलांचे झुबके येतात. पाकळ्या पाच, अरुंद, टोकाशी मागे वळलेल्या आणि आतून दाट लवदार, वास तोच. लॅटिन नाव देणाऱ्यांच्या नाकालाही दुसरे काही जाणवले नसावे, कारण झाडाचे जुने शास्त्रीय नाव मॅपिया फीटिडा, आणि फीटिडा म्हणजे दुर्गंधी. आजचे नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. ग्रीक ‘नोथोस’ म्हणजे खोटा. अ‍ॅपोडायटिस या दुसऱ्या झाडासारखा दिसणारा, पण तो नव्हे. निम्मो हे एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे वनस्पती-अभ्यासक.

या झाडाच्या लाकडात कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य असते. त्यापायी त्याची चोरटी तोडही होते. द्रव्याच्या नावात मात्र नरक्याचा मागमूस नाही, कारण ते आधी चीनमधल्या कॅम्प्टोथेका झाडात सापडले. अमेरिकेतल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमधील मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी १९६६ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. ‘काम्प्टोस’ म्हणजे वाकलेला, ‘थेके’ म्हणजे पेटी. कॅम्प्टोथेकाचे परागकोश आत वाकलेले असतात. ‘थेके’ ज्या धातूचे, त्याचेच संस्कृत भावंड ‘धा’, म्हणजे ‘निधी’तला. झाडाच्या नावाला रसायनांचा नेहमीचा ‘इन’ जोडला, की झाले बारसे. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना नरक्यात हेच द्रव्य आढळले ते १९७२ मध्ये. सहा वर्षे उशीर झाला. यात अन्याय वगैरे काही नाही, नामकरणाचा मान पहिल्याचाच.

मूळ द्रव्य पाण्यात नीट विरघळत नाही. त्यात फेरफार करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे झाली. दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. ‘टोपो’ आला तो टोपोआयसोमरेज या विकरावरून. हे विकर डीएनएचा एक धागा कापते, पीळ सोडवते आणि पुन्हा सांधते. औषध त्याला सांधण्याआधीच अडकवते. ‘टेकॅन’ हा कॅम्प्टोथेसिनचा घासून उरलेला तुकडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नामपद्धतीत तो याच कुळातल्या औषधांसाठी राखीव आहे, म्हणून स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकॅनच्या शेवटीही तोच लागतो.